मंडई, धर्मादाय आणि पाटीवरची नावं

मागच्या आठवड्यात भाच्याचा बंगलोरहून फोन आला. तो तिथे एका मोठ्या कंपनीत आहे आणि सध्या त्याच्या गळ्यात सीएसआरचं काम पडलंय. "मावशी, तू इतिहास शिकवायचीस ना? मला जुन्या पुण्यातली दोन-तीन उदाहरणं दे. धंदा करणाऱ्यांनी गावासाठी काय केलं, एवढंच. दोन स्लाइडमध्ये बसेल असं सांग."

दोन स्लाइडमध्ये बसेल असं मला बोलताही येत नाही, लिहिणं तर दूरच. तरी म्हटलं, बघते. दुसऱ्या दिवशी पिशवी घेतली आणि मेट्रोने मंडई स्टेशनला उतरले. भाजी घ्यायची होतीच. या वयात जमिनीखालून मंडईत जायचं म्हणजे गंमतच आहे! वर आले आणि समोर ती अष्टकोनी इमारत, मधला उंच मनोरा. तिथे उभी राहिले आणि वाटलं, भाच्याचं पहिलं उदाहरण तर या इमारतीच्या नावातच आहे. फक्त ते स्लाइडवर बसवणं सोपं नाही. म्हणून त्याला पाठवायच्या ऐवजी इथेच लिहितेय. तोही वाचेल, तुम्हीही वाचा.

ही मंडई १८८६ साली उघडली. तेव्हा तिचं नाव रे मार्केट. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव दिलेलं. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या मोकळ्या जागेत भरायचा. म्युनिसिपालिटीत ही नवी मंडई बांधायची चर्चा सुरू झाली तेव्हा ज्या मोजक्या सभासदांनी विरोध केला, त्यातले एक जोतीराव फुले. त्यांचं म्हणणं साधं होतं. एवढा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा गोरगरिबांच्या मुलांच्या शिक्षणावर घाला. ऐकलं कोणी नाही, मंडई झाली. पुढे आचार्य अत्रे म्युनिसिपालिटीत असताना त्यांच्या पुढाकाराने याच मंडईला फुल्यांचं नाव लागलं. ज्या इमारतीला माणसाने विरोध केला, तिलाच त्याचं नाव! आम्ही वर्गात हे सांगायचो तेव्हा मुलं हसायची. मीही हसायचे. आता मात्र वाटतं की त्यात हसण्यापेक्षा विचार करण्यासारखं जास्त आहे.

जोतीराव शिक्षक होते, समाजसुधारक होते हे सगळ्यांना माहीत असतं. ते धंदा करणारे गृहस्थ होते हे किती जणांना माहीत आहे? घराणं मूळचं गोऱ्हे. पेशव्यांच्या काळात फुलांचा व्यवसाय करू लागले म्हणून फुले. वडील गोविंदरावांचं फुलांचं आणि भाजीचं दुकान होतं. स्वतः जोतीराव शेती करत. १८६३ च्या सुमारास त्यांनी धातूच्या ओतकामाला लागणाऱ्या मुशी विकायचा व्यवसाय सुरू केला. पुढे पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी या नावाने ते बांधकामाची कंत्राटं घेऊ लागले. येरवड्याच्या पुलाला लागणारा दगड पुरवणं, खडकवासल्याच्या धरणाची आणि कालव्याची कामं, कात्रजचा बोगदा अशा कामांशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. म्हणजे आज आपण नळ सोडतो त्या पाण्याच्या वाटेवरही जोतीरावांचा हात आहे.

त्याच पैशातून त्यांचं घर चालायचं आणि कामंही चालायची. १८६३ साली विधवांसाठी स्वतःच्या घरात काढलेलं बालहत्या प्रतिबंधक गृह, १८६८ साली अस्पृश्यांसाठी खुला केलेला घरचा हौद, १८७३ मध्ये सुरू केलेला सत्यशोधक समाज. १८७६-७७ च्या दुष्काळात माणसं गावं सोडून पुण्याकडे येऊ लागली तेव्हा समाजाने धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढून दुष्काळी भागातल्या पोरांच्या जेवणाची सोय केली. सगळं काही जोतीरावांच्या एकट्याच्या खिशातून होत नव्हतं. मुंबईतले तेलुगू कंत्राटदार या कामाच्या मागे उभे होते. व्यंकू बाळोजी कालेवार, रामय्या व्यंकय्या अय्यावारू, जाया कराडी लिंगू ही नावं सत्यशोधक समाजाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा येतात. मुंबईत गिरण्या आणि मोठमोठ्या इमारती उभ्या राहत होत्या त्या काळात कष्टातून वर आलेली ही माणसं. आमच्या पाठ्यपुस्तकात ती कधी आली नाहीत, मीही निवृत्त झाल्यावरच त्यांच्याविषयी वाचलं.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. कंत्राटदार म्हणून जोतीरावांनी सरकारी बांधकाम खातं आतून पाहिलं. मजुरांची हजेरी कशी लावतात, इंजिनिअर आणि कारकून मधल्या मध्ये कसे खातात, हे त्यांना दिसलं. आणि त्यांनी ते गप्प बसून पचवलं नाही, लिहून काढलं. 'गुलामगिरी'त त्यावर त्यांचा पवाडाच आहे. ज्या खात्याकडून आपल्याला काम मिळतं त्याच्याबद्दल असं उघड लिहिणारा कंत्राटदार आज दाखवा बरं! १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात यायचे होते. शहर सजवायला म्युनिसिपालिटीने १००० रुपये मंजूर करायचं ठरवलं. बत्तीस सभासदांत विरोधात एकट्या जोतीरावांचं मत पडलं. हा पैसा शिक्षणाला द्या म्हणाले. दान देणारे पुष्कळ असतात. सार्वजनिक पैसा कुठे जातो म्हणून एकट्याने हात वर करणारे थोडे.

शेवट फार वाईट झाला. १८८८ मध्ये पक्षाघात झाला, उजवा हात गेला. डाव्या हाताने त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' लिहून पुरं केलं. हातात पैसा उरला नव्हता. मामा परमानंदांनी १८९० मध्ये सयाजीराव गायकवाडांना पत्र लिहून जोतीरावांना मदत करा अशी विनंती केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते गेले. भाच्या, तुझ्या स्लाइडवर टक्केवारी असते ना? इथे टक्केवारी नव्हतीच. होतं ते सगळं गेलं.

*

आता टक्केवारीचं सांगते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. वाईट काहीच नाही. कित्येक शाळांत संडास झाले, पाण्याच्या टाक्या आल्या, हे मी पाहिलंय. पण भाचा ज्या कौतुकाने 'ही नवी कल्पना' म्हणाला, त्यावर मला हसू आलं. कारण व्यवहारातला ठरावीक हिस्सा समाजासाठी बाजूला काढणं आपल्या बाजारपेठेला नवीन नाही. त्याला नावही होतं. धर्मादाय.

माझं आजोळ जुन्नर तालुक्यातलं. आजोबा कांदा-बटाटा पुण्याला पाठवायचे. त्यांच्या जुन्या ट्रंकेत अडत्यांच्या पट्ट्या होत्या, पिवळ्या पडलेल्या, मोडीमिश्रित अक्षरातल्या. मालाची रक्कम वर आणि खाली कपातीची रांग. अडत, हमाली, तोलाई आणि त्याच रांगेत 'धर्मादाय'. लहानपणी मला वाटायचं की शेठजी किती चांगले, दरवेळी दान करतात. एकदा तसं बोलूनही दाखवलं. आजोबा पानाला चुना लावत म्हणाले, "बाय, ते शेठ देत न्हाई. त्ये माझ्यातनं जातं."

तेव्हा कळलं नव्हतं. पुढे वाचताना कळलं की हा देशभरचाच प्रकार होता. शेतकऱ्याच्या पट्टीतून धर्मादाय कापायचा, त्यातून पांजरपोळ, धर्मशाळा, पाणपोई चालायची आणि पाटी लागायची शेठजींच्या नावाची. शेतीविषयक रॉयल कमिशनने १९२८ च्या अहवालात बाजारातल्या अशा कपातींबद्दल लिहिलं. १९३९ साली मुंबई इलाख्यात शेतमालाच्या बाजारांचा कायदा आला, त्यामागे या मनमानी कपातींना आळा घालणं हे एक मोठं कारण होतं. धर्मशाळा खऱ्या होत्या, त्यात वारकरी खरोखर झोपले. पण शेतकऱ्याचं नाव कुठेच नव्हतं.

म्हणून कुणी दान केलं की मी आता आजोबांचा प्रश्न विचारते. हे कुणाच्यातनं गेलं?

*

मंडईतून बुधवार पेठेकडे चालत आलं की दगडूशेठचा गणपती. भाच्याला हे उदाहरण नक्की आवडेल, कारण हे जगप्रसिद्ध आहे. दगडूशेठ गडवे हे कर्नाटकातून येऊन पुण्यात स्थिरावलेले मिठाईचे व्यापारी. कथा अशी सांगतात की त्यांचा एकुलता एक मुलगा प्लेगमध्ये गेला. ते आणि लक्ष्मीबाई पार खचले. तेव्हा त्यांचे गुरू माधवनाथ महाराज म्हणाले की एक दत्ताची आणि एक गणपतीची मूर्ती करा, त्यांनाच आपली मुलं समजा. मुलं आईबापांचं नाव राखतात तसं हे देव तुमचं नाव राखतील. गणपती बसला १८९३ साली. लक्ष्मीबाईंच्या नावाचं दत्तमंदिर १८९८ सालचं.

आता इथे माझ्यातली इतिहासाची बाई अडखळते. प्लेग मुंबईत आला १८९६ च्या सप्टेंबरात आणि त्यानंतर पुण्यात. मग १८९३ च्या आधी प्लेगने मुलगा कसा जाईल? सनावळी जुळत नाही. पण मला यात कुणाची चूक काढायची नाही. पुण्याच्या आठवणीत प्लेग इतका मोठा आहे की त्या काळातलं प्रत्येक दुःख त्याच्याच नावावर जमा होतं. त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई आजारी पोराला उचलून यशवंतरावांच्या दवाखान्यात नेताना स्वतः आजारी पडल्या आणि १० मार्च १८९७ ला गेल्या. एका घरात मुलगा गेला म्हणून देव बसवला, दुसऱ्या घरातली बाई कुणाच्या तरी मुलासाठी गेली. दोघांचीही स्मारकं आज एका हाकेच्या अंतरावर आहेत. दगडूशेठच्या मंदिरासमोरच तो भिडेवाडा. १८४८ साली तात्यासाहेब भिड्यांनी मुलींच्या शाळेसाठी दिलेला. वाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडला, तिथे राष्ट्रीय स्मारक करायचं ठरलं म्हणून.

दगडूशेठच्या गणपतीचं पुढे काय झालं हे मात्र खरंच शिकण्यासारखं आहे. १९५२ मध्ये उत्सवाची जबाबदारी सुवर्णयुग तरुण मंडळाच्या पोरांनी घेतली. तात्यासाहेब गोडसे आणि त्यांचे सोबती. पैसेवाली मंडळी नव्हती ती, पेठेतलीच पोरं. १९६८ च्या सुमारास, पंचाहत्तराव्या वर्षी, नवी मूर्ती घडवली. तीच आज आपण बघतो. देवापुढे पैसा जमू लागला तसं त्यांनी ठरवलं की तो नुसता आरासीत घालायचा नाही. छोट्या व्यावसायिकांना कर्ज मिळावं म्हणून सुवर्णयुग सहकारी बँक निघाली. मंडईच्या परिसरात राहिलेल्यांना याचं मोल कळेल. भाजीवाली सकाळी सावकाराकडून पैसे उचलायची, माल घ्यायची आणि संध्याकाळी व्याजासकट फेडायची. तिच्या गाठीला काय उरणार? तिला दान नको होतं, रास्त व्याजाचं कर्ज हवं होतं. पुढे कोंढव्याला वृद्धाश्रम निघाला, शाळकरी मुलांसाठी पालकत्व योजना आली, पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावात तलावाचं काम झालं, ससूनमधल्या रुग्णांच्या जेवणाची सोय झाली. मिठाईच्या दुकानाचं नाव आणि पैसा हजारो अनोळखी माणसांचा, पाच-दहा रुपयांनी आलेला.

आणि ससून म्हटलं की दानाची दुसरी बाजू येते. डेव्हिड ससून हे बगदादहून मुंबईला आलेले ज्यू व्यापारी. त्यांच्या देणगीतून उभं राहिलेलं हे रुग्णालय १८६७ साली सुरू झालं. ससून त्याआधीच १८६४ मध्ये पुण्यातच वारले, त्यांची कबर लाल देवळाच्या आवारात आहे. त्यांचा व्यापार कापसाचा होता तसा चीनशी अफूचाही होता. सर जमशेटजी जीजीभाईंनी पुण्याच्या पाण्यासाठी पैसा दिला, त्यांच्या संपत्तीतही चीनच्या अफूचा वाटा होता. तिकडे चीनमध्ये घरंच्या घरं अफूपायी बसली, इकडे पुण्यात गरिबांचे प्राण वाचले. माझ्या सासूबाई ससूनमधूनच बऱ्या होऊन घरी आल्या होत्या, १९७८ साली. मी कुठल्या तोंडाने ससूनांना नावं ठेवू? आणि तरी, कुणाच्यातनं गेलं हा प्रश्न विचारल्याशिवायही राहवत नाही. दोन्ही खरं आहे. इतिहासात असंच असतं, मुलांना सांगताना फार अवघड जातं.

*

या सगळ्यात मला मनापासून आवडतं ते उदाहरण दानाचं नाहीच. १९७४ मध्ये बाबा आढावांच्या पुढाकाराने हमाल पंचायतीने 'कष्टाची भाकर' सुरू केली. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला दुपारी स्वस्तात पोटभर भाकरी-भाजी मिळावी म्हणून काढलेलं केंद्र, ना नफा ना तोटा. हमालांनी स्वतःच्या संघटनेतून स्वतःसाठी काढलं आणि मग ते सगळ्या पुण्याचं झालं. विद्यार्थी जेवले, रिक्षावाले जेवले, आमच्यासारखे मास्तरही जेवले. तिथे कुणी कुणाला दान करत नाही. पैसे द्या, जेवा, ताट उचला. व्यापाऱ्यांच्या बाजूनेही असा एक उपक्रम आहे. पूना मर्चंट्स चेंबर दिवाळीत ना नफा ना तोटा दराने लाडू-चिवडा विकतं. मार्केट यार्डातली ती रांग मी पाहिली आहे. रांगेतल्या बाईच्या चेहऱ्यावर कुणाकडून काही फुकट घेतल्याचा संकोच नसतो. तिने ते विकत घेतलेलं असतं. हा फरक छोटा नाही.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगते आणि थांबते. बरीच वर्षं मनात आहे.

मी ज्या शाळेत होते तिथे मंडईतल्या हमालांची, भाजीवाल्यांची, मोलकरणींची मुलं बरीच होती. मंडईतले एक कांदे-बटाट्याचे गाळेवाले होते. दर जूनमध्ये ते मला निरोप पाठवायचे, "बाई, यंदा किती पोरं अडली आहेत?" मी सांगायची, तीन, कधी चार. ते कागदात गुंडाळून पैसे द्यायचे. वह्या, गणवेश, परीक्षेची फी. नोटांना कांद्याच्या सालींचा वास असायचा. पावती नको म्हणायचे. असं चौदा वर्षं चाललं.

मग शाळेने देणगीदारांची संगमरवरी पाटी लावायची ठरवली. ठरावीक रक्कम एकदम देणाऱ्यांचीच नावं घालायची असा नियम झाला. ते ठरवणाऱ्या समितीत मी होते. गाळेवाल्यांची सगळी रक्कम बेरजेला घेतली असती तर पाटीवरच्या निम्म्या नावांपेक्षा जास्त भरली असती. पण ती एकदम आलेली नव्हती आणि पावत्या नव्हत्या. मी बैठकीत विषय काढला नाही. मनाशी म्हटलं, त्यांना तरी कुठे नाव हवंय? सोयीचं होतं ते.

पाटीच्या अनावरणाला त्यांना मी बोलावलं. आले, स्वच्छ पांढरी टोपी घालून. पाटीसमोर उभे राहून त्यांनी सगळी नावं वरपासून खालपर्यंत सावकाश वाचली. मग मला म्हणाले, "छान झालीय बाई." पुढच्या जूनमध्ये निरोप आला, नेहमीसारखाच. पैसेही आले. पण त्यांनी पाटी वाचली तेव्हा ते आपलं नाव शोधत होते की नाही, हे मी त्यांना कधी विचारू शकले नाही. आता ते नाहीत.

परवा मंडईत त्या गाळ्यासमोर गेले. त्यांचा नातू बसतो. एक किलो बटाटे घेतले. त्याला सांगावं असं खूप वाटलं, पण समोर गिऱ्हाईकं होती आणि तो मोबाइलवर पैसे आल्याचं बघत होता. म्हणून इथे लिहिलं. नाव इथेही घातलं नाही, कारण आता ते त्यांना विचारता येत नाही.

तर भाच्या, तुझ्या दोन स्लाइड. पहिलीवर लिही, पैसा कुणाच्यातनं गेला. दुसरीवर लिही, नाव कुणाचं राहिलं. उदाहरणं मंडईच्या पाचशे पावलांत सगळी मिळतील. पुण्याला आलास की मी चालत दाखवीन, गुडघे बरे असले तर.

असो. बटाटे चांगले निघाले. तुमच्या गावच्या मंडईत असं कुणी असेल तर जरूर लिहून कळवा.